तहानंतरचे सात महिने

कामोठ्यातल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर जा. पावसाने नुकती उघडीप दिलेली असावी. पूर्वेला प्रबळगडाचा लांबरुंद माथा आणि त्याला लगटून कलावंतिणीचा सुळका दिसेल. दक्षिणेला, पनवेलच्या पलीकडे, कर्नाळ्याचा अंगठा. आता मधलं एकेक काढून टाका. सायन-पनवेल हायवे जाऊ द्या, मानसरोवर आणि खांदेश्वर ही स्टेशनं जाऊ द्या, सिडकोचे सेक्टर पुसून टाका. खाडी, खाजण, मिठागरं आणि भाताची खाचरं एवढंच उरलं की थांबा. साल १६६५, महिना जूनचा. डोंगर होते तिथेच आहेत.

तुम्ही विशीतले आहात आणि कर्नाळ्याच्या शिबंदीत चाकरीला आहात. घर खाली खाडीकाठी. उन्हाळाभर मिठागरात राबायचं, मृग लागला की भातपेरणी करायची, हा तुमच्या घराचा शिरस्ता. तुम्ही तो मोडून गडावर आलात, कारण १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजीराजांनी घेतली आणि तेव्हापासून या मुलखात पोरांना भाला धरायला शिकवणारी माणसं फिरू लागली. आठ वर्षं होत आली. राजांचं राज्य हे तुमच्यासाठी आता काही नवल नाही. ते आहेच, जशी भरती आहे.

आज सकाळी गडाचा दरवाजा उघडलाय आणि कोणी तो लावायला सांगत नाही. हवालदार पायऱ्यांवर बसलेत. सबनीस सुळक्याच्या पोटातल्या कोठारांपाशी कागद घेऊन उभे आहेत आणि तुम्ही पोती बाहेर काढताय. भात इतकं, नाचणी इतकी, दारूची मडकी इतकी, शिसं इतकं. वर सुळक्यावर आग्यामोहोळ लटकलेली आहेत, म्हणून सगळे हळू आवाजात बोलतात. पण आज त्या माश्यांची भीती हे एकच कारण नाही.

तुमच्या तुकडीचे नाईक वयाने मोठे आहेत. तुम्ही त्यांना काका म्हणता.

“काका, इथं तर एक गोळीसुद्धा सुटली नाही.”

“पुरंदरावर सुटल्या. तिथल्या तहात आपण गेलो.”

“आपण म्हणजे कर्नाळा?”

“कर्नाळा, मुरंजन, माणिकगड. तिकडे माहुली. घाटावर लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. कोंढाणासुद्धा. तेवीस गड रे.”

मुरंजन म्हणजे समोरचा प्रबळगड. तुम्ही मान वळवून तिकडे बघता. तिथेही या घटकेला असंच कोणीतरी पोती मोजत असणार. दुपारी रजपूत जमादार माणसं घेऊन वर येतो. किल्ल्या त्याच्या हातात जातात. तो उद्धटपणा करत नाही, तुमच्या हवालदारांना रामराम घालतो, आणि तेच जास्त लागतं.

कर्नाळ्यावर बसून तुम्हाला जे कळणार नाही ते मी सांगतो, कारण त्यावाचून पुढचं उमगायचं नाही. मार्चच्या सुरुवातीला मिर्झाराजे जयसिंग पुण्यात उतरले. अफजलखान किंवा शाएस्ताखान यांच्यात आणि या माणसात मोठा फरक होता. आंबेरचा हा म्हातारा रजपूत औरंगजेबाचा सर्वांत कसलेला सेनापती होता आणि लढाईच्या आधी त्याने भोवतालची दारं बंद केली. जंजिऱ्याच्या सिद्दीला, गोव्याच्या फिरंग्यांना, रामनगर-पेठच्या छोट्या राजांना निरोप गेले: शिवाजीला मदत करू नका. मग पुरंदराला वेढा पडला. १४ एप्रिलला वज्रगड पडला. मुरारबाजी देशपांडे मोगल सरदार दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तिथेच कामी आले. पण मला वाटतं, तहाचं खरं कारण गडावर नव्हतं, गडाखाली होतं. दाऊदखान कुरेशीला जयसिंगांनी मुलूख मारायला मोकळं सोडलं होतं. एप्रिलअखेर एकट्या रोहिड्याच्या आसपास पन्नासेक गावं जाळली गेली. गुरं हाकून नेली, माणसं धरून नेली. पेरणीच्या तोंडावर जळालेलं गाव म्हणजे वर्षभराची उपासमार, हे तुमच्यासारख्या भातकऱ्याला कोणी समजावायला नको.

११ जूनला राजे निःशस्त्र जयसिंगांच्या गोटात गेले. पुरंदराच्या पायथ्याशी उभारलेला तो तंबू असा होता की तिथून गडावर चाललेला हल्ला दिसावा. जयसिंगांनी मुद्दाम त्याच वेळी चढाई करायला लावली होती. आपली माणसं मरताना बघत बोलणी करायची, अशी ती योजना. गडावर त्या वेळी सुमारे सात हजार माणसं होती, त्यांत बायका-मुलंही होती. राजांनी गड सोडायचं कबूल केलं आणि ती माणसं जिवंत खाली उतरली. तेवीस किल्ले आणि त्यांचा चार लाख होनांचा मुलूख मोगलांना. राजगडासह बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राजांकडे. आठ वर्षांच्या शंभूराजांच्या नावे पाच हजारांची मनसब.

इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तक पुढचं पान उलटतं आणि आपण थेट आग्र्याला, पेटाऱ्यांपाशी पोचतो. तहाचं आणखी एक कलम त्या उलटलेल्या पानाखाली राहून जातं: मोगल विजापुरावर चालून जातील तेव्हा शिवाजीराजांनी फौजेनिशी त्यांच्या बाजूने लढायचं. ज्याने काल तुमची गावं जाळली त्याच्या झेंड्याखाली तुमच्या शेजाऱ्यावर जायचं. बदल्यात विजापूरच्या ताब्यातलं तळकोकण आणि बालाघाट राजांनी जिंकून ठेवायचे, आणि त्यापोटी बादशहाला चाळीस लाख होन, वर्षाला तीन लाखांच्या हप्त्याने द्यायचे.

जयसिंगांनी यातला फायदा बादशहाला कळवला तेव्हा काहीही आडपडदा ठेवला नाही. पैसा मिळेल, शिवाजी आणि विजापूर यांच्यात कायमचं वैर पडेल, आणि डोंगरजंगलातली दगदग आपल्याऐवजी शिवाजीच्या माणसांना होईल. हा तिसरा फायदा म्हणजे तुम्ही.

नोव्हेंबर. तुम्ही घाट चढून वर आला आहात. राजांबरोबर दोन हजार घोडा आणि सात हजार पायदळ आहे आणि त्या सात हजारांत तुमची तुकडी आहे. २० नोव्हेंबरच्या सुमाराला जयसिंगांची फौज पुरंदराखालून हलते. अशी छावणी तुम्ही कधी पाहिलेली नाही. हत्ती, उंट, बंजाऱ्यांचे धान्य लादलेले बैल, तंबूंच्या गल्ल्या आणि मधोमध भरणारा बाजार. त्यात रजपूत आहेत, पठाण आहेत, बुंदेले आहेत, आणि एक तरुण फिरंगी तोफखान्याचा अधिकारीसुद्धा आहे. त्याचं नाव निकोलाव मनुची, गाव व्हेनिस. मिर्झाराजांबरोबर पत्ते खेळणारा हा माणूस पुढे म्हातारपणी आपल्या आठवणी लिहील आणि त्यांत शिवाजीराजांशी झालेल्या भेटी येतील. तुम्ही त्याला लांबून बघता आणि त्याच्या टोपीवरून काकांना काहीतरी सांगता.

तुम्हाला थंडी सोसत नाही. कोकणात असली कोरडी थंडी नसते. ज्वारीची भाकरी गिळवत नाही, भात मिळत नाही. पण या तर सवयीच्या गोष्टी, त्या अंगवळणी पडतात. न पडणारी गोष्ट वेगळीच आहे. रोज संध्याकाळी मोगल पहारेकरी तुमच्या तळाभोवती फेरी मारतात तेव्हा ते तुमचं रक्षण करतायत की तुमच्यावर नजर ठेवतायत, हे त्यांनाही नीट ठाऊक नसावं. राजे सप्टेंबरात बादशहाचं फर्मान घ्यायला सामोरे गेले, तोवर कमरेला शस्त्र लावत नव्हते. शरण आलेल्याने तसंच राहायचं असतं. फर्मान आल्यावर मिर्झाराजांनी त्यांना रत्नजडित तलवार बांधायला लावली. छावणीत त्याचं कौतुक झालं. तुमच्यातलं कोणी त्याबद्दल बोललं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फलटण घेतलं जातं. फलटण कोणाचं? निंबाळकरांचं. राजांच्या थोरल्या राणीसाहेब, शंभूराजांच्या आईसाहेब सईबाई, यांचं माहेर. त्यांना जाऊन सहा वर्षं झालीत. त्या गावावर त्यांचाच नवरा परक्याच्या वतीने चालून आलाय. पाठोपाठ ताथवडा, खटाव. १८ डिसेंबरला मंगळवेढा. एकही जागा फार झुंजत नाही. छावणीत नगारे वाजतात, आणि जयसिंग राजांची तारीफ बादशहाकडे लिहून पाठवतात.

मग नाताळच्या सुमाराला विजापूरची फौज समोर येते. शर्झाखान आणि खवासखान, सुमारे बारा हजार स्वार. ते समोरासमोर भिडत नाहीत. तुकड्या तुकड्यांनी येतात, बाण आणि गोळ्या टाकून निघून जातात, मागून पुन्हा येतात. हा गनिमी कावा तुम्हाला ओळखीचा आहे. तुमचीच युक्ती आहे ती, फक्त आज तुम्ही तिच्या दुसऱ्या बाजूला उभे आहात. संध्याकाळी फौज छावणीकडे वळते तेव्हा पिछाडीला राजांचे सरनोबत नेतोजी पालकर असतात आणि शत्रू नेमका तिथेच झोंबतो.

काका तुम्हाला हळूच सांगतात, पलीकडे व्यंकोजीराजे आहेत.

तुम्हाला आधी खरं वाटत नाही. व्यंकोजी म्हणजे राजांचे सावत्र भाऊ. शहाजीराजांना जाऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. त्यांचा एक मुलगा आदिलशहाचा सरदार म्हणून तिकडच्या रांगेत आहे आणि दुसरा औरंगजेबाच्या सेनापतीबरोबर इकडच्या. दोघांपैकी एकाचंही या लढाईत स्वतःचं असं काही लागलेलं नाही. मला या सगळ्या मोहिमेतलं हे सर्वांत जड वाटतं. गड गेले ते परत घेता येतात, पैशाचे हप्ते बुडवता येतात. पण भावाच्या फौजेवर चालून जाण्याची वेळ आली, ती येऊन गेलीच.

रात्री तुम्ही जखमींच्या बाजूला पाणी घेऊन फिरता आहात. एक जण विजापूरकडचा, धरून आणलेला, मांडीत बाण मोडलेला. तो पाणी मागतो ते मराठीत.

“कुठला तू?”

“वाईकडचा.”

“मग तिकडे कसा?”

तो पाणी पिऊन होईपर्यंत उत्तर देत नाही. मग तुमच्याकडे बघतो. “आणि तू इकडे कसा?”

तुमच्याकडे उत्तर आहे. तह झाला, राजांनी शब्द दिला, पुरंदरावरची माणसं वाचली, पेरण्या झाल्या. हे सगळं खरं आहे. पण मांडीत बाण असलेल्या माणसाला ते सांगावंसं वाटत नाही. तुम्ही मशक उचलून पुढच्या माणसाकडे जाता.

२८ डिसेंबरला आणखी एक लढाई होते, आणि दुसऱ्या दिवशी फौज विजापूरपासून पाच-सहा कोसांवर जाऊन ठेपते. तिथे सगळं थांबतं. अली आदिलशहाने शहराभोवतालची झाडं तोडली आहेत, तलाव फोडले आहेत, विहिरी बुजवल्या आहेत, उभी घरं पाडली आहेत. कर्नाटकातून पायदळ आणून तटावर भरलंय. गोवळकोंड्याची कुमक वाटेवर आहे. आणि जयसिंगांनी वेढ्याच्या मोठ्या तोफा परांड्याला ठेवल्या आहेत. इतक्या हुशार सेनापतीने ही चूक केली, कारण विजापूर न लढताच हाती येईल असं त्याला वाटलं होतं. फितुरीवर भिस्त ठेवून तो तोफा मागे ठेवून आला. आठवडाभर तुम्ही त्या उघड्या माळावर बसून आहात. पाणी लांबून आणावं लागतं. ५ जानेवारी १६६६ ला माघार सुरू होते.

मोहीम फसली की छावणीत दोष द्यायला माणूस लागतो, आणि तो समोर तयारच असतो. शिवाजी आतून विजापूरला मिळालाय, अशी कुजबुज मोगल सरदारांत सुरू होते. दिलेरखानाचा राग जुनाच. म्हणून राजांनी पन्हाळ्यावर जाण्याची गोष्ट काढल्यावर जयसिंग लगेच हो म्हणतात. शत्रूची फौज तिकडे फाटेल आणि छावणीतलं हे माणूसही लांब जाईल.

पुढचे पाच दिवस तुम्ही चालता, धावता, पुन्हा चालता. १६ जानेवारीला, दिवस उगवायला तीनेक तास असताना, तुम्ही पन्हाळ्याच्या उतारावर आहात. ही जागा राजांना जितकी माहीत आहे तितकी कोणालाच नसेल. साडेपाच वर्षांपूर्वी सिद्दी जौहरच्या वेढ्यातून याच गडावरून ते पावसाळी रात्री निसटले होते. पण आज गड जागा आहे. वर पोचण्याआधीच दगड येतात, मग गोळ्या. अंधारात तुम्हाला फक्त शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येतो आणि मग तोही येत नाही. नेतोजींची कुमक यायची होती. ती वेळेवर येत नाही. उजाडल्यावर राजे माघार घ्यायला सांगतात तेव्हा सुमारे हजार माणसं मेलेली किंवा जखमी झालेली आहेत. काका त्यांत आहेत.

काही जण म्हणतात, राजे या मोहिमेत मनापासून लढलेच नाहीत, वरवरचा देखावा केला. पन्हाळ्याचा उतार ज्याने पाहिला तो असं म्हणणार नाही. दिलेला शब्द पाळला जात होता, आणि तो हजार माणसांच्या जिवाने पाळला जात होता. शिवाय पन्हाळा मिळाला असता तर तो स्वराज्याच्याच कामी आला असता, हाही हिशेब होताच. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. परक्याच्या युद्धात ओढल्या गेलेल्या राजाला आपल्या कामाचं काहीतरी त्यातूनच शोधावं लागतं.

तुम्ही सगळे खेळण्याकडे, म्हणजे विशाळगडाकडे निघता. बाजीप्रभूंनी जी वाट अडवून धरली होती तीच वाट. या वेळी पाठलाग करणारं कोणी नाही.

गडावर पोचून चार दिवस होत नाहीत तोच बातमी येते: नेतोजी पालकर विजापूरला मिळाले. आदिलशहाने त्यांना चार लाख होन दिले म्हणतात. सरनोबत! ज्यांना लोक प्रतिशिवाजी म्हणत, ते. पन्हाळ्यावर उशीर झाला म्हणून राजांनी त्यांना बोल लावला, तो त्यांना सोसवला नाही, असं गडावर बोललं जातं. खरंखोटं तुम्हाला कळायला मार्ग नाही. जबरीच्या दोस्तीत माणसं अशीच तुटतात, कारण कोणाशी इमान राखायचं ही रेषाच पुसलेली असते. मोगलांशी इमान राखणं हे राजांशी इमान, आणि विजापूरशी लढणं म्हणजे स्वराज्यासाठी लढणं, असं सात महिने ऐकल्यावर एखाद्याला आणखी एक पाऊल सरकणं फार मोठं वाटलं नसेल. मी नेतोजींची बाजू घेत नाही. फक्त त्या महिन्यांत काय काय झिजत होतं ते सांगतोय. मार्चमध्ये जयसिंगांनी पंचहजारी मनसब देऊन त्यांना विजापूरकडून स्वतःकडे ओढलं.

त्याच महिन्याच्या ५ तारखेला राजे राजगडाहून आग्र्याला निघतात. जयसिंगांनी त्यांच्या जिवाची हमी घेतली आहे, आग्र्यात त्यांचा मुलगा रामसिंग काळजी घेईल असं सांगितलंय. आऊसाहेबांच्या हाती कारभार सोपवलाय. तुम्ही जात नाही. तुम्हाला राजगडाच्या शिबंदीत ठेवून घेतलंय, कारण तुमच्या गडावर आता रजपुताचा पहारा आहे आणि घरी गेलात तर मोगलांच्या मुलखात जाल. खाडीकाठच्या तुमच्या घराला पुढची काही वर्षं मोगलांचा अंमलदार सारा मागायला येईल.

आग्र्याहून सुटका ऑगस्टात होते, ते सर्वांना माहीत आहे. तो आनंदाचा दिवस नेतोजींच्या वाट्याला मात्र वेगळाच आला. राजे निसटल्यावर औरंगजेबाने त्यांना पकडून दिल्लीकडे नेलं, १६६७ साली मुसलमान केलं, मुहम्मद कुलीखान नाव दिलं आणि वायव्येच्या मोहिमांवर पाठवलं. मिर्झाराजे त्याच वर्षी बऱ्हाणपुरात वारले. विजापूरची हार बादशहाने त्यांच्याच पदरात घातली होती.

१६७० साली गड परत येऊ लागतात. फेब्रुवारीत कोंढाणा, मार्चमध्ये पुरंदर, मे महिन्यात लोहगड, पावसाच्या तोंडाला माहुली. कर्नाळ्यावर मराठे मातीचे बांध रचत, त्यांच्या आडोशाने पुढे सरकत चढले, आणि त्या बांधांची माती वाहणाऱ्यांत तुम्ही आहात. नेतोजी १६७६ मध्ये परततात. जूनमध्ये विधिपूर्वक त्यांना पुन्हा धर्मात घेतलं जातं. पन्हाळ्यावर ज्यांची माणसं गेली त्यांतल्या काहींना हे पटत नाही. तुम्हाला विचारलं तर तुम्ही काय सांगाल, हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.

आणि मग पुढच्या वर्षी, १६७७ च्या सुरुवातीला, तुम्ही हैदराबादच्या रस्त्यावर आहात. राजे पुन्हा एका बादशहाचे दोस्त झालेत, पुन्हा विजापूरच्या मुलखावर निघालेत. पण या वेळी जळालेलं गाव मागे नाही, तेव्हा शंभूराजे होते तसा ओलीस ठेवलेला मुलगा कोणाच्या छावणीत नाही. कुतुबशहा रोजचे तीन हजार होन आणि तोफखाना देणार, फौज कुठे न्यायची ते राजे ठरवणार. शहरात शिरण्याआधी तुमच्या हवालदाराने बजावलंय: जे हवं ते बाजारभावाने विकत घ्यायचं, कोणी लूट केली तर गय होणार नाही. दक्षिणेत व्यंकोजीराजांचीही भेट व्हायची आहे. अकरा वर्षांपूर्वी दोघे भाऊ समोरासमोरच्या फौजांत होते. आता राजांना त्यांच्याशी शहाजीराजांच्या जहागिरीतल्या वाट्याबद्दल बोलायचंय, आणि त्या बोलण्यात तिसरं कोणी बसणार नाही.